प्रिंटला कंस लावला की झालं? मुळीच नाही

धागाकर्ती: पायथन या प्रोग्रामिंग भाषेत मजकूर छापायची आज्ञा म्हणजे प्रिंट. काल एका नवशिक्याला इथे सल्ला मिळाला, "प्रिंटला कंस लाव, पायथन २ वरही चालेल नि ३ वरही." राहवलं नाही म्हणून लिहितेय. एकच स्ट्रिंग (मजकुराचा तुकडा) असेल तर चालतं. कंसात कॉमा देऊन दोन गोष्टी टाकल्या की पायथन २ त्याचं टपल (एकत्र बांधलेला गठ्ठा) करतं आणि कंस-अवतरणांसकट छापतं. एरर येत नाही, धोका तोच. माझ्या स्क्रिप्टचं आउटपुट फाइलीत जायचं आणि दुसरा प्रोग्राम ती वाचायचा. आठवडाभर प्रत्येक ओळीच्या तोंडाशी कंस, कुणाला पत्ताच नाही! फाइलीच्या वरती फ्यूचरमधून (पुढच्या आवृत्तीच्या सोयी देणारं मॉड्यूल) प्रिंट-फंक्शन इम्पोर्ट करा, म्हणजे प्रिंट पायथन ३ सारखं वागतं; २.६ पासून सोय आहे. एका ओळीचं काम.

प्रतिसाद १: कॉमा हवाच कशाला? प्लसने आधी जोडा, मग कंसात टाका. दोन्हीकडे सारखं छापतं.

प्रतिसाद २: आणि मध्ये आकडा आला की टाइप एरर. आकडाही थेट मजकुरात बसवणारी एफ-स्ट्रिंग ३.६ मध्ये, २०१६ साली आली. पायथन २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला. मेलेल्या आवृत्तीपायी नवशिक्यांना का राबवता?

प्रतिसाद १: तुमच्यासाठी मेली असेल. मी सांभाळतो त्या सर्व्हरवर आजही २.७ आहे आणि ते बदलणं माझ्या हातात नाही. एफ-स्ट्रिंग दिसली की तिथे सिंटॅक्स एरर, फाइल सुरूच होत नाही. उपदेश नकोत.

प्रतिसाद ३: प्लसवाल्यांनी कधी मराठी छापलंय का? पायथन २ ची साधी स्ट्रिंग म्हणजे नुसते बाइट्स. यूटीएफ-८ (अक्षरं बाइट्समध्ये साठवायची पद्धत) मधल्या 'नाव'ची लांबी ९ येते, पायथन ३ मध्ये ३. ती युनिकोड स्ट्रिंगला (जी बाइट्स नव्हे, अक्षरं धरते) प्लसने जोडा, बाइट्सची अक्षरं करताना येणारा डिकोड एरर ठरलेला. आणि टपल झालं तर नावाच्या जागी बॅकस्लॅश-एक्सची (बाइट्सच्या कोडची) रांग. माझी अख्खी यादी तशी छापली गेली होती.

प्रतिसाद २: विषय प्रिंटचा आहे, युनिकोडचा नाही.

प्रतिसाद ३: आपल्या भाषेत छापणाऱ्याला दोन्ही एकच! कधी करून बघा.

प्रतिसाद १: स्ट्रिंगच्या आधी यू लावा, ती युनिकोड होते. ३.३ पासून पायथन ३ लाही तो चालतो.

प्रतिसाद ३: फाइलीतून वाचलेल्या नावाला यू कुठे लावणार? तिथे डिकोडच करावं लागतं.

प्रतिसाद १: बरं, तिथे तुमचं खरं. फक्त तिथे.

धागाकर्ती: डिकोड करूनही सुटका नाही. पायथन २ मध्ये तेच नाव स्क्रीनवर नीट दिसतं, आउटपुट फाइलीत वळवलं की एन्कोड एरर देतं, कारण तिथे ते आस्की (फक्त इंग्रजी अक्षरांची जुनी पद्धत) धरून चालतं. एन्कोडिंग आपणच सांगावं लागतं. कालचा सल्ला देणाऱ्याने आता त्याखाली दुरुस्ती टाकावी. तो नवशिक्या अजून कंसच लावत बसला असेल.