चर्चा: महिला दिनाच्या शिबिराला मॅमोग्राफीची (स्तनाच्या एक्स-रे तपासणीची) गाडी कशाला? स्तन हाताने तपासा!

रानजाई: टाटा मेमोरियल या मुंबईच्या कर्करोग रुग्णालयाने 1998 पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत 35 ते 64 वयाच्या सुमारे दीड लाख बायकांवर चाचणी केली. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी स्तन हाताने तपासले, चार फेऱ्या. निष्कर्ष 2021 साली आले: पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी घटले. तेही यंत्राशिवाय.

खडीसाखर: अर्धंच सांगितलंत. पन्नाशीच्या आत मृत्यू घटले नाहीत. सगळी वयं धरून घट 15 टक्के, तीही संख्याशास्त्राच्या कसोटीवर न टिकणारी. आपल्याकडे तरुण रुग्ण थोडे आहेत का? अमेरिकेने 2024 साली मॅमोग्राफीचं वय उगाच 40 वर आणलं नाही.

रानजाई: ब्रिटन आजही 50 लाच बोलावतं, दर तीन वर्षांनी. चाळिशीत ऊती दाट असतात. मॅमोग्राममध्ये त्याही पांढऱ्या, गाठही पांढरी. मग सोनोग्राफी, बायोप्सी (तुकडा काढून तपासणी), आणि बहुतेकदा निघत काहीच नाही. गाडी तर दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी. रिपोर्टवर बाय-रॅड्स 0, म्हणजे ‘अजून तपासणी हवी’, असं आलं तर बाईने जायचं कुठे?

तांबडमाती: हातवाल्यांनीही जास्त हुरळू नये. केंद्र सरकारच्या कर्करोग तपासणीच्या 2016 च्या आराखड्यात 30 वर्षांपुढे दर पाच वर्षांनी हाताने तपासणी आहेच. पण तपासतात कसं? मधल्या तीन बोटांच्या पेरांनी आधी हलका, मग मध्यम, मग खोल दाब देत, गळ्याच्या हाडापासून खाली उभ्या पट्ट्यांत, शेवटी काख. घाईत काख राहते. आत ओढलेलं बोंड आणि रक्ताळ स्राव नुसत्या चाचपण्यात कळत नाहीत; आधी नीट बघावं लागतं, विचारावं लागतं.

खडीसाखर: हे मान्य. पण ‘आमच्या घरात कुणाला नाही’ म्हणणाऱ्यांचं काय? आनुवंशिक कर्करोग जेमतेम 5 ते 10 टक्के. बाकीच्यांत वाढतं वय, पाळी गेल्यानंतरचं वजन, दारू, उशिरा झालेलं पहिलं मूल.

रानजाई: आणि बीआरसीए दोष (स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा जनुकदोष) असलेल्यांना हाताची आणि मॅमोग्राफीची, दोन्ही शिबिरं अपुरी. त्यांना साधारण पंचविशीपासून दरवर्षी एमआरआय लागतो.

तांबडमाती: मॅमोग्राफीला जाणारच असाल तर पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात जा, दाब कमी दुखतो. काखेत पावडर, डिओ नको. त्याचे कण मॅमोग्राममध्ये कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसतात, आणि तसे ठिपके कधी कर्करोगाची खूण असतात. आणि हाताला गाठ लागतेय, मॅमोग्राम मात्र ‘नॉर्मल’, तर तिथे थांबू नका. सोनोग्राफी करा, शंका राहिली तर कोअर बायोप्सी, म्हणजे जाड सुईने तुकडा काढून तपासणी.