स्निफ म्हणजे हुंगणे नव्हे, आणि स्नफ म्हणजे तपकीर ओढणे नव्हे

भाषांतरवाली

वासाच्या इंग्रजी शब्दांचा एक तक्ता सध्या सगळीकडे फिरतोय. स्मेल म्हणजे वास घेणे, स्निफ म्हणजे हुंगणे, सेंट म्हणजे सुगंध, स्टिंक म्हणजे दुर्गंध, स्नफ म्हणजे तपकीर ओढणे. पाच शब्द, पाच अर्थ. हा तक्ता पाठ केलेली मुलं पुढे भाषांतरं करतात आणि ती तपासायला आमच्याकडे येतात, म्हणून सविस्तर लिहितेय.

स्निफमध्ये वास लागतोच असं नाही. नाकाने झटकन, ऐकू येईल असा श्वास आत ओढणं म्हणजे स्निफ. तो कशासाठी ओढला ते संदर्भावरून कळतं. रडून झाल्यावर कुणी स्निफ केलं तर तिने 'नाक ओढलं' किंवा ती 'मुसमुसली'. शेजारणीच्या साडीकडे बघून केलं तर 'नाक मुरडलं'. दुधाच्या पातेल्यावर वाकून केलं तर 'वास घेतला'. "ती हुंगत म्हणाली" हे वाक्य मी छापील भाषांतरात वाचलंय. मुळात ती बाई तुच्छतेने बोलत होती.

आपल्या हुंगण्यात जवळीक असते आणि ते मुद्दाम केलेलं असतं. म्हणूनच हुंगलेलं फूल देवाला वाहत नाहीत. परडीतल्या फुलांचा वास आपोआप आला तर चालतो, नाकाशी नेलं की ते फूल बाद. स्निफ लांबूनही होतं. कुत्रा मान वर करून 'स्निफ्स द एअर' करतो, तेव्हा तो हवा हुंगत नाही, हवेत वास घेतो.

सगळ्यात धोक्याची ओळ स्मेलची. 'इफ यू स्मेल गॅस' याचं 'तुम्ही गॅसचा वास घेतल्यास' असं भाषांतर एका सूचनापत्रकात होतं. अहो, 'गॅसचा वास आल्यास'! स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मर्केप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन मिसळतात. म्हणजे तो वास आपोआप यावा यासाठीच तिथे असतो. पुढची सूचना रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, दिव्याच्या बटणाला हात लावू नका ही असते. तिच्या आधी माणसाला वास घ्यायला पाठवणं बरोबर आहे का?

वर्गशिक्षक

तक्ता माझा आहे. तो आठवीच्या मुलांसाठी आहे, अनुवादकांसाठी नाही. पस्तीस मिनिटांच्या तासात बारा शब्द द्यायचे असतील तर प्रत्येकाला एकच खुंटी ठोकावी लागते. मूल त्या खुंटीला शब्द अडकवतं, छटा वाचनातून येतात. तुम्ही पहिल्याच दिवशी चार अर्थ दिलेत तर त्याला एकही राहत नाही.

आणि मराठीत या छटा नाहीत असं का धरता? 'स्मेल ऑफ' आणि 'स्मेल लाइक' यांवर इंग्रजीच्या पुस्तकांत पानं खर्ची पडतात. आपल्याकडे तो भेद फुकट मिळतो. तोंडाला दारूचा वास येतो, म्हणजे दारू प्यायलेली आहे, ते 'ऑफ'. औषधाला दारूसारखा वास येतो, ते 'लाइक'. विशेषण न लावता नुसतं 'इट स्मेल्स' म्हटलं की घाण वास हा अर्थ होतो, तेही आपलंच. "दुधाला वास येतोय" म्हटल्यावर कुणी सुवास समजतं का?

मुलं चुकतात ती दुसरीकडे. 'द सूप स्मेल्स डिलिशस' ऐवजी 'डिलिशसली' लिहितात, कारण 'कसा वास येतो' या प्रश्नातला 'कसा' त्यांना क्रियाविशेषण वाटतो. दुसरी चूक 'आय अ‍ॅम स्मेलिंग स्मोक'. वास आपोआप येत असेल तर 'आय कॅन स्मेल'. मुद्दाम नाक लावलं असेल तरच 'स्मेलिंग'. यावर लिहा, मुलांचं भलं होईल.

भाषांतरवाली

तुमचा शेवटचा परिच्छेद माझंच म्हणणं सिद्ध करतो, सर. 'कॅन स्मेल' म्हणजे वास येणे, 'अ‍ॅम स्मेलिंग' म्हणजे वास घेणे. तक्त्यात फक्त 'घेणे' आहे म्हणूनच मुलं तिथे चुकतात. खुंटी ठोका, पण भिंतीच्या बरोबर जागी. 'दुधाला वास येतोय' हे मान्य, ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

कर्दळ

सेंट म्हणजे सुगंध हे कुणी ठरवलं? शिकारी कुत्रा सेंटवर जातो तेव्हा तिथे सशाचा माग असतो, अत्तर नसतं. 'थ्रो ऑफ द सेंट' म्हणजे माग चुकवणं. शब्द फ्रेंच 'संतीर' वरून आला, आधी त्यात 'सी' नव्हताच, तो सतराव्या शतकात घुसवला. स्टेंच म्हणजे आज दुर्गंध, त्याचं उलट झालं. जुन्या इंग्रजीत तो कुठलाही वास होता, फुलाचासुद्धा, नंतर नासला. रीक म्हणजे घाण वास मारणे, तो मुळात धूर, आणि परफ्यूममध्येही लॅटिन धूरच आहे, आपल्या धूपासारखा.

पण माझं खरं दुखणं वेगळं आहे. इंग्रजीची एवढी चिरफाड करणारे आपण घरात कुबट, खवट, करपट, आंबूस, ओशट यांतला एक तरी शब्द वापरतो का? सगळ्याला 'स्मेल येतोय'. मस्टीला कुबट आणि रॅन्सिडला खवट इतके चपखल प्रतिशब्द असून 'खराब वास' लिहिणाऱ्यांचा मला राग येतो.

जुनी दौत

स्नफकडे कुणी पाहिलंच नाही. स्नफ म्हणजे तपकीर हेच चूक आहे. अमेरिकेत स्नफ म्हटलं की बहुतेक वेळा ओली तंबाखू, खालच्या ओठाआड ठेवायची. नाकाचा संबंध नाही. तिथे तपकीर लिहिलंत तर वाचकाचा गोंधळ होणार.

वर्गशिक्षक

का होणार? आपल्याकडे तपकीर दातांना लावतात की. तपकीर हा पदार्थ आहे, नाकात की तोंडात हे वापरणाऱ्याने ठरवायचं.

जुनी दौत

दातांना लावतात ती मशेरी.

कर्दळ

मशेरी वेगळी हो! तव्यावर काळी होईपर्यंत भाजून चुरडलेली तंबाखू ती मशेरी. तपकीर म्हणजे न जाळलेल्या तंबाखूची बारीक पूड. दोन्ही दातांना लावतात, तपकीर नाकातही जाते. दोन्ही सारख्याच वाईट, पण निदान नावं तरी नीट घ्या.

भाषांतरवाली

म्हणजे 'तपकीर' चालेल, 'ओढणे' चालणार नाही. नाकातली तपकीरसुद्धा जोरात ओढत नाहीत. चिमूट अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच स्निफ करतात, म्हणजे पूड नाकाच्या पुढच्या भागात राहते. जोर लावला तर ती घशात उतरते. त्या जोर लावण्याला स्नॉर्ट म्हणतात. म्हणून तपकिरीला स्निफ आणि कोकेनला स्नॉर्ट. घोडा मात्र स्नॉर्ट करतो तेव्हा हवा बाहेर टाकतो, तिथे 'फुरफुरणे' लिहा.

जुनी दौत

तपकिरीपुरतं मागे घेतो. पण स्नफचा दुसरा अर्थ तक्त्यात आहे कुठे? 'स्नफ द कँडल' म्हणजे विझवणं असं सगळे लिहितात. जुन्या मजकुरात त्याचा अर्थ नेमका उलटा, ज्योत नीट जळावी म्हणून वातीची काजळी कापणं. पूर्वीच्या मेणबत्तीची वात जळून लांब, काळी व्हायची, मग ज्योत धुरकट व्हायची आणि मेण कडेने गळायचं. म्हणून दर थोड्या वेळाने कात्रीसारख्या चिमट्याने टोक कापायचे. चिमट्याला छोटी डबी असे, कापलेलं टोक तिच्यात पडायचं. तो चिमटा म्हणजे स्नफर्स. 1820 च्या दशकात वेणीसारखी विणलेली वात आली. ती जळताना वाकते, तिचं टोक ज्योतीच्या कडेला जाऊन आपसूक जळून जातं. कापायचं काम संपलं, शब्द विझवण्यापुरता उरला.

वर्गशिक्षक

पण तेही नाक-तंबाखूवरूनच आलं असणार ना?

जुनी दौत

नाही. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये सोन्याच्या दीपवृक्षाबरोबर 'स्नफडिशेस' आहेत, काजळी ठेवायच्या तबकड्या. तपकिरीचा स्नफ डच भाषेतून सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात आला. आधी वात, मग तंबाखू.

वर्गशिक्षक

ठीक आहे. स्मेलची ओळ फोडून तीन करतो: वास येणे (मला), वास येणे (वस्तूला), वास घेणे. स्निफपुढे 'नाकाने झटकन श्वास ओढणे' लिहितो. स्नफपुढे तपकीर आणि काजळी कापणे. याहून जास्त आठवीत शिकवणार नाही.

भाषांतरवाली

स्निफल राहिलं. शेवटी 'ल' लागला की क्रिया पुन्हा पुन्हा होते, म्हणून सर्दीत नाक सारखं ओढत राहणं. आणि स्नफल म्हणजे मातीत नाक खुपसून आवाज करत वास घेणं, डुकरासारखं. तिथे 'हुंगणे' खुशाल लिहा, सर.