वाईट चित्रपटांचे पुरस्कार : थट्टा की हेटाळणी?
वर्षातील सर्वांत वाईट चित्रपटांना आणि कलाकारांना अमेरिकेत दिला जाणारा ‘गोल्डन रास्पबेरी’ पुरस्कार म्हणजे निव्वळ हेटाळणी, असे एक मत आहे; ते मला अर्धेच पटते. २००५ मध्ये अभिनेत्री हॅली बेरी ‘कॅटवुमन’ चित्रपटासाठी तो पुरस्कार घेण्यास स्वतः गेली, तीही हातात आपले ऑस्कर घेऊन, तेव्हा थट्टेला थट्टेनेच उत्तर मिळाले, परंतु २०२३ मध्ये एका १२ वर्षांच्या मुलीला दिलेले नामांकन टीकेनंतर आयोजकांना मागे घ्यावे लागले आणि १८ वर्षांखालील कलाकारांना वगळण्याचा नियम करावा लागला.

आमच्या फोंड्याकडील गावात जत्रेतील नाटकाच्या दुसऱ्या दिवशी, तालमीच्याच खोलीत, असाच एक खाजगी सोहळा होत असे. एके वर्षी ऐन दुसऱ्या अंकात माझी मिशी सुटून प्रधानाच्या अंगरख्याला चिकटली आणि पुढचा सारा प्रवेश मी ओठांवर शेला धरून केला, त्याबद्दल मला लाल फीत बांधलेला कुजका नारळ मिळाला. देणारा आमचा प्रॉम्प्टर. त्या रात्री माझ्यापेक्षा अधिक संवाद त्यालाच म्हणावे लागले होते, तेव्हा त्याचा हक्क नाकारणार कोण? तेथे प्रेक्षकांना प्रवेश नसे, आणि प्रथमच तोंडाला रंग लावणाऱ्या मुलांना, कुठलाही लेखी नियम नसताना, नारळ कधी दिला जात नसे.