लॅपटॉपचा पॉवर जॅक सैल झाला आहे : पुन्हा सोल्डर करावा की बदलावा?

नमस्कार. माझ्या सुमारे १२ वर्षे जुन्या लॅपटॉपच्या दुरुस्तीबाबत अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे. चार्जरची पिन जिथे बसते तो डीसी जॅक सैल झाला असून, पिन किंचित वर उचलून धरली तरच चार्जिंगचा दिवा लागतो आणि हात काढला की विझतो. सुरुवातीचे काही आठवडे मी वायरीखाली पुठ्ठ्याची घडी सारून काम भागवले. ते करायला नको होते, कारण त्यामुळे जॅकवर सतत एकाच दिशेने ताण पडत राहिला. माझे सारे लेखन याच यंत्रावर चालते आणि बाकी सर्व भाग उत्तम स्थितीत आहेत. त्यामुळे एवढ्याशा सुट्या भागापायी ते टाकून देण्याची माझी इच्छा नाही.

दोष नेमका कुठे आहे हे आधी तपासले. अडॅप्टर १९ व्होल्ट, ३.४२ अँपिअरचा, म्हणजे ६५ वॅटचा आहे, आणि त्याच्या पिनेचा बाहेरील व्यास ५.५ मिमी, तर आतील २.५ मिमी आहे. मल्टीमीटर लावून वायर सगळीकडे वाकवून पाहिली, तरी १९ व्होल्टच्या आसपासचा आकडा हलला नाही. परंतु मीटर जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही, त्यामुळे वायरीतील बहुतेक तारा तुटून दोनचारच शिल्लक असल्या तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवू शकतो. म्हणून त्यावर विसंबून न राहता त्याच मापाचा, तेवढ्याच व्होल्टचा दुसरा अडॅप्टर लावून पाहिला. दोष तसाच राहिला. बॅटरी काढून केवळ अडॅप्टरवर चालवल्यास पिनेला धक्का लागताच लॅपटॉप बंद पडतो, त्यामुळे बॅटरीचाही संबंध नसावा.

मला खरी काळजी उष्णतेची वाटते. चार्जिंग सुरू असताना जॅकभोवतीचे प्लॅस्टिक चांगलेच तापते. सैल जोडाचा रोध अर्धा ओहम जरी धरला, तरी ३ अँपिअर प्रवाहाला तिथे साडेचार वॅट उष्णता निर्माण होते, आणि तीही बोटाच्या पेराहून लहान जागेत. त्यामुळे सध्या मी लॅपटॉप वापरणे पूर्ण थांबवले आहे.

काल बॅटरी काढून, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरून मग लॅपटॉप उघडला. काही लॅपटॉपमध्ये हा जॅक छोट्या वायरीने बोर्डाला जोडलेला असतो व पाच मिनिटांत बदलता येतो. माझ्या लॅपटॉपमध्ये मात्र तो थेट मदरबोर्डवर (मुख्य सर्किट बोर्डावर) सोल्डर केलेला, म्हणजे वितळवलेल्या मिश्रधातूने जोडलेला आहे. भिंगातून पाहिले असता धन पिनेभोवतीच्या सोल्डरमध्ये गोल चीर स्पष्ट दिसते आणि जॅक हलवला की पिनही त्या चिरेत हलते. शिवाय जॅकच्या आतील प्लॅस्टिक तपकिरी पडले आहे.

माझा मुख्य प्रश्न असा की, केवळ चीर गेलेला जोड नव्या सोल्डरने भरून घेणे पुरेसे ठरेल का? माझे स्वतःचे मत जॅकच बदलावा असे होत आहे, कारण तापून त्याच्या आतल्या पत्तीचा ताण गेला असेल तर नवा जोडही पुन्हा तापेल.

अडचण जुना जॅक काढण्याची आहे. माझ्याजवळचे सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचे आहे. ऋण पिन बोर्डातील तांब्याच्या मोठ्या पृष्ठभागाला जोडलेली असल्याने ती सगळी उष्णता शोषून घेते व सोल्डर वितळतच नाही. त्यातही शिसेविरहित सोल्डर साधारण २१७ अंश सेल्सिअसला वितळते, तर ६३/३७ प्रमाणातले शिसेयुक्त १८३ अंशांना. म्हणून भरपूर फ्लक्स (सोल्डर नीट वितळून पसरावे म्हणून लावायचा लेप) लावून शिसेयुक्त सोल्डर जुन्यात मिसळावे, जॅकचे कवच कापून त्याचे पाय एकेक करून सुटे करावेत, असा माझा विचार आहे. घाईने ओढल्यास भोकाच्या आतला तांब्याचा मुलामाच पिनेबरोबर उपटून येईल, याची मला सर्वांत अधिक भीती वाटते. या कामाला ६० वॅटचे, जाड टोकाचे आयर्न पुरेल का, की बोर्ड आधी गरम हवेने तापवून घेणे आवश्यक आहे? आणि मुलामा निघालाच, तर त्या पिनेपासून पुढच्या भागापर्यंत जाड वायर जोडणे ही कायमची दुरुस्ती मानता येईल का?

जॅक बसवल्यावर, अडॅप्टर जोडण्यापूर्वी धन व ऋण यांच्यामधला रोध मोजणार आहे. कपॅसिटर भरत असल्याने आकडा हळूहळू वाढला तर ठीक, आणि शून्याजवळच अडकून राहिला तर शॉर्ट आहे, असे मी समजतो. यापलीकडे आणखी काही तपासायला हवे असल्यास कृपया सांगावे. तोपर्यंत आयर्न हातात घेणार नाही.