अंगावर हिरवं अंजीर: लावलंय का कोणी? अनुभव सांगा

पाचपाखाडीकरीण:

गेल्या महिन्यात वाढदिवसाला भावाने परफ्यूम दिला. खोक्यावर अंजिराचं पान. मी खूश. म्हटलं अंजीर बर्फीसारखा गोडसर वास असणार, दिवाळीत पैठणीवर मारू. मनगटावर एक फवारा मारला आणि डोकं आपोआप मागे गेलं. गोड वगैरे काही नाही. कोणीतरी ओली फांदी कचकन मोडून नाकाखाली धरावी तसा वास. हिरवा, कडवट, चिकाचा. दहा मिनिटांनी हुंगलं तर ओलं खोबरं. मग दुधावरची साय. संध्याकाळी देवघरातल्या जुन्या लाकडी पेटीसारखं काहीतरी उरलं होतं.

घरात माणशी एक मत. सासूबाई म्हणाल्या, "दोडका सोललास का गं?" नवऱ्याला शहाळं आठवलं. आठवीतल्या लेकीने माझा हात हुंगून सांगितलं, "आई, तुला पावसाळ्यातल्या ग्राउंडचा वास येतोय." हे कौतुक होतं, असं तिने नंतर स्पष्ट केलं.

तर ज्यांनी हा हिरव्या अंजिराचा प्रकार लावलाय, लावून सोडलाय किंवा दुसऱ्याच्या अंगावरचा सहन केलाय, त्यांनी लिहा. कुठे लावला, कोण काय म्हणालं, आपल्या ठाणे-नवी मुंबईच्या दमट हवेत कसा वागला. पॅरिसवाल्यांचे अनुभव वाचून झालेत. त्यांना घाम येत नाही, काही उपयोग नाही.

खिडकीजवळची (ऐरोली):

माझा किस्सा लोकलमधला. सकाळची ठाण्याकडे जाणारी गाडी, लेडीज डबा. एरवी त्या डब्यात गजरे, टाल्कम पावडर आणि कोणाच्या तरी डब्यातली लसणाची चटणी असा पक्का ठरलेला वास असतो. मी नवीन घेतलेला पाच मिलीचा नमुना दोन्ही मनगटांवर मारून निघाले होते. तुर्भ्याला भाजीचं बोचकं घेऊन चढलेली एक मावशी दाराशी बसली होती. मी वरची कडी धरलेली, म्हणजे मनगट तिच्या डोक्यावर. दोन मिनिटं ती इकडेतिकडे बघत राहिली. मग माझा हात धरून खाली ओढला, हुंगला आणि म्हणाली, "चीक लागलाय गं पोरी. पाण्याने नाय जायचा, खोबरेल लाव."

मला काय बोलावं कळेना. "परफ्यूम आहे मावशी," म्हटलं. तिने परत हुंगला. "इकत घेतलास?"

ठाणे येईपर्यंत आमच्या कोपऱ्यात हाच विषय. एकीला केळफूल निवडतानाचा हात आठवला, एकीला फणस. दिवसभर मी हसत होते. मात्र मावशीचं नाक मानलं. लोक ज्याला 'मेडिटेरेनियन समर' म्हणतात त्याला तिने एका दमात नाव दिलं, चीक.

अत्तरखोर (नौपाडा):

अंजीर खायचं असतं. अंगाला खस लावावा, मोगरा लावावा, पहिल्या पावसाआधी मातीचं अत्तर लावावं. तीस वर्षं कानामागे अत्तराचा फाया ठेवतोय, कधी कोणी मला दोडका म्हटलेलं नाही. चालू द्या.

रबाळे लॅब:

काका, रागावू नका, थोडं आतलं सांगतो. एमआयडीसीत सुगंधी मिश्रणं बनवण्याचंच काम करतो, त्यामुळे हा वास माझ्या रोजच्या डब्याइतका ओळखीचा आहे.

पहिली गोष्ट, त्या बाटलीत अंजीर नाही. फळाला स्वतःचा वास फारसा नसतोच. आपल्याला हिरवं अंजीर म्हणून जो आवडतो तो पानाचा, देठाचा आणि चिकाचा वास. आणि पानाचा अर्कही वापरता येत नाही, कारण अंजिराच्या पानाच्या अ‍ॅब्सोल्यूटवर (म्हणजे त्याच्या दाट अर्कावर) इफ्रा या आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेची बंदी आहे. पानात सोरालेन, बर्गॅप्टेन अशी द्रव्यं असतात. ती कातडीवर असताना ऊन लागलं की भाजल्यासारखे चट्टे उठतात. म्हणून हा वास तुकडे जोडून बांधावा लागतो. स्टेमोन नावाचा रेणू मोडलेल्या पानाचा भास देतो, थोडा टोमॅटोच्या रोपासारखा. सिस-३-हेक्सेनॉल म्हणजे नुकतंच कापलेलं गवत. गामा-ऑक्टालॅक्टोन आणि गामा-नोनालॅक्टोन ही खोबरं आणि साय. खाली देवदारासारखं लाकूड, बहुतेक वेळा सीडार.

आता पाचपाखाडीकरणींच्या मनगटावर काय झालं? हलके रेणू आधी उडतात. गवतवाला तर काही मिनिटांचाच पाहुणा. लॅक्टोन जड, ते मागे रेंगाळतात. लाकूड सगळ्यात शेवटी जातं. थंड हवेत हिरवा भाग सावकाश जातो, आपल्याकडे मे महिन्यात कातडीच इतकी गरम असते की पहिला अंक पडदा उघडतानाच संपतो. म्हणून इथे बरेच जण म्हणतात की हा तर नुसता खोबरेल तेलाचा वास. तुमचं नाक खोटं बोलत नाहीये, तुम्ही नाटकाला उशिरा पोचताय.

आणि ही फॅशन फार जुनी नाही. ऑलिव्हिया जियाकोबेत्ती या परफ्यूमर बाईंनी १९९४ मध्ये लार्टिझां पार्फ्यूमर या फ्रेंच कंपनीसाठी 'प्रमिए फिगिए' केला, म्हणजे 'पहिलं अंजिराचं झाड'. १९९६ मध्ये त्यांनीच दिप्तीकसाठी 'फिलोसिकोस' केला. नाव ग्रीकवरून, अंजिरावर प्रेम करणारा. २००३ मध्ये झां-क्लोद एलेना यांनी एर्मेससाठी ट्युनिशियातल्या एका बागेवरून केलेल्या परफ्यूममध्येही अंजिराचं पान आहे. आज बाजारात जे शंभर हिरवे अंजीर दिसतात, ते बहुतेक या तिघांचे भाचे-पुतणे.

आजोळ सासवड (कोपरखैरणे):

चट्ट्यांचं वाचून अंगावर काटा आला. माझ्या मामाची पुरंदरला अंजिराची बाग. मी चौथी-पाचवीत असेन. उन्हाळ्याची सुट्टी, हाफ पँट, उघडे हात. आम्ही पोरांनी पानं तोडून तलवारी केल्या आणि अख्खी दुपार एकमेकांना मारत बसलो. दुसऱ्या दिवशी माझ्या दोन्ही हातांवर लाल पट्टे, मग फोड. नंतर तिथे तपकिरी डाग पडले, ते शाळा सुरू होऊन दिवाळी आली तरी होते. मामी म्हणाली, अंजिराला ऊन आणि अंग एकदम दाखवायचं नसतं. बागेतल्या बायका तोडणीला फुल बाह्यांचे शर्ट घालून जायच्या, तेही भल्या पहाटे.

मागच्या वर्षी वाशीच्या मॉलमध्ये विक्रेत्या मुलीने कागदाची पट्टी पुढे केली. हुंगली आणि खरं सांगतो, हात आपोआप खाजवला. पण पट्टी टाकवेना. खिशात ठेवली. त्या वासात बागेतली पहाट बरोबर होती. पाटाचं पाणी, दंवाने जड झालेली खरखरीत पानं, पाटीत तळाला पानं घालून त्यावर रचलेली फळं. एकच गोष्ट नव्हती, शेणखत. ते घातलं असतं तर मी तिथेच विकत घेतला असता. (बायको म्हणते बरं झालं नाही घातलं.)

बाटली अजून घेतलेली नाही. दर उन्हाळ्यात मामाकडून एक खोकं येतं. त्याचं झाकण उघडलं की तळाच्या पानांचा वास फुकट मिळतो.

गॅलरीतली बाग (खारघर):

माझ्याकडे कुंडीत अंजीर आहे. आपली हवा त्याला मानवत नाही. पावसाळ्यात पानांवर तांबेरा येतो आणि गणपतीपर्यंत झाड भुंडं होतं. फळं आली तर बुलबुल आधी. पण एप्रिलच्या दुपारी, पानं तापलेली असताना नुसता हात फिरवला तरी खोबऱ्याचा वास येतो. कोणाला खोटं वाटेल, पण पानातच खोबरं आहे. मी परफ्यूम आणि पान शेजारी शेजारी धरून बघितलं. परफ्यूम जास्त दुधाळ, पान जास्त कडू. आणि पानाच्या वासात एक मांजराच्या मुतासारखी झाक असते, ती बाटलीवाल्यांनी सभ्यपणे गाळली आहे.

वाडीची (कळवा):

मला बाकी काही माहीत नाही, वडिलांचं सांगते. ते आता फारसं बोलत नाहीत. ऐंशी पार झालेत, दिवसाची वेळ चुकते, माणसं चुकतात. मी रविवारी त्यांचे केस विंचरते. त्या दिवशी मैत्रिणीने दिलेला हा परफ्यूम गळ्याला लावला होता. केस विंचरताना ते एकदम थांबले, मान वळवली आणि म्हणाले, "वाडीला जाऊन आलीस?"

आम्ही मूळचे कोल्हापूरकडचे. लहानपणी दर वर्षी नरसोबाच्या वाडीला जायचो. औदुंबराखाली ओल्या पायांनी प्रदक्षिणा, पायाखाली फुटलेली उंबरं, घाटावरच्या ओल्या दगडी फरशीचा गारवा. मला स्वतःला तो वास कधी आठवला नव्हता. त्यांना आठवला. मी "हो" म्हटलं. "प्रसाद?" त्यांनी हात पुढे केला. डब्यात खडीसाखर होती, ती दिली.

आता रविवारी तोच लावते.

येऊरवाला:

वाडीची ताई, तुमचं वाचून थोडा वेळ काही लिहावंसं वाटलं नाही.

पण नाकाने पुरावा मागितला म्हणून काल येऊरला गेल्यावर उंबराचं पान चुरडून बघितलं. काही नाही. पाल्याचा साधा वास. खोबरं नाही, साय नाही. वड, पिंपळ, उंबर, अंजीर सगळी फायकस घराण्यातली, पण प्रत्येकाच्या घरचा स्वयंपाक वेगळा दिसतो.

रबाळे लॅब:

येऊरवाले, नुसतं पान नको. पिकून खाली पडलेली उंबरं, ओली साल, माती हे सगळं एकत्र असतं तिथे. हिरवं, दुधाळ, किंचित आंबूस. त्यांच्या बाबांचं चुकलेलं नाही.

तीन नंबर केबिन (महापे):

मी विरुद्ध पक्ष. आमच्या ऑफिसात एक जण हा रोज सात-आठ फवारे मारून येतो. खिडक्या बंद, एसी चालू, हिरवं जातच नाही, साय दिवसभर तुंबून राहते. दुपारी तीनला मला नासलेल्या दुधाचा भास होतो आणि डोकं ठणकतं. शेवटी त्याला बाजूला घेऊन सांगितलं. बिचारा ओशाळला, म्हणाला, "मला स्वतःला अर्ध्या तासाने येतच नाही, म्हणून परत मारतो." आपलं नाक सरावतं, दुसऱ्याचं नाही, हे सगळ्यांनी लक्षात ठेवा. एक फवारा. फार तर दोन.

घोडबंदरचा जाम:

हसू नका. बाटली गाडीच्या कप्प्यात ठेवली. मे महिना, काच बंद, गाडी रोज उन्हात. तीन आठवड्यांत पिवळा रंग तपकिरी झाला आणि वासाचं जुनं भजी तळलेलं तेल. नवीन ऑनलाइन मागवला, निम्म्या किमतीत, तो निघाला नकली. लिंबाच्या भांडी घासायच्या पावडरीचा वास. विक्रेत्याने पैसे परत दिले नाहीत. आता कपाटात, अंधारात, मूळ खोक्यात.

दुपट्टा (नेरूळ):

टिकण्याबद्दल कोणीच नीट लिहिलं नाही म्हणून सांगते. अंगावर मला तीन तास, पावसाळ्यात त्याहून कमी. आंघोळीनंतर बिनवासाचं क्रीम लावून त्यावर मारला तर दुपारपर्यंत जातो. सुती ओढणीवर मात्र दोन दिवस, आणि कापडावर हिरवा भाग जास्त वेळ राहतो, कारण कापड अंगासारखं तापत नाही. रेशमावर मारू नका, डाग पडतो. मी पाडलाय. आणि ओढणी पूर्ण वाळलेली हवी. जुलैत अर्धवट वाळलेल्या ओढणीवर मारला होता, तर कुबट वास आणि अंजीर मिळून ओलं कुत्रं तयार झालं.

नाक परत आलं (सानपाडा):

कोविडमध्ये वास गेला तो पाच महिने. चहा म्हणजे गरम पाणी. रोज सकाळी लवंग, लिंबू, कॉफी आणि हा परफ्यूम असं हुंगत बसायचे. पहिल्यांदा परत आलं ते यातलं खोबरंच. हिरवं नाहीच. जवळजवळ दोन महिने माझ्यासाठी हा नुसता नारळाच्या वडीचा परफ्यूम होता. मग एका सकाळी झाकण काढलं आणि पान मोडलं. मी ओरडलेच. नवरा ब्रश तोंडात धरून धावत आला, त्याला वाटलं पाल.

पाचपाखाडीकरीण:

केवढे अनुभव! सासूबाईंना सगळे वाचून दाखवले. वाडीच्या ताईंच्या बाबांपाशी त्यांनी परत वाचायला लावलं. भाजीवाल्या मावशीला त्यांचा पूर्ण पाठिंबा आहे. आता आमच्याकडे या बाटलीला चीक म्हणतात. "चीक लावून चाललीस का?" असं काल विचारलं आणि जाता जाता स्वतःच्या पदराला एक फवारा मारून घेतला. चोरून. मी बघितलं नाही असं दाखवलं.

अत्तरखोर (नौपाडा):

आज राममारुती रोडवर चष्मा करायला गेलो होतो. शेजारच्या दुकानात टेस्टर होता, मारून घेतला. मनगटाला, कानामागे नाही, तिथे खस आहे. तलावपाळीपर्यंत चालत आलो तर वेल ओरबाडल्यासारखा नुसता हिरवा. वाईट नाही. बाकावर बसलो. आता खोबरं सुरू झालंय.

घरी जायला वेळ आहे. लाकूड कधी येतं ते बघून उठतो.