चालू गेममध्ये कन्सोलवरून आकडे बदलले तरी थर तसेच (गोडो ४ गेम इंजिन)

गिरगाव_बेस
नमस्कार मंडळी. दहीहंडीचा टूडी गेम करतोय. प्रत्येक गोविंदा म्हणजे एक रिजिडबॉडी (गुरुत्व आणि धक्क्यांनी आपोआप हलणारी वस्तू), बाकी सगळं फिजिक्सच्या भरवशावर. रविवारी पथकातली पोरं आमच्या चाळीच्या गॅलरीत लॅपटॉपसमोर बसतात आणि सांगतात, "तिसऱ्या थरातला असा घसरत नाही रे, आधी त्याचा गुडघा वाकतो." बरोबर असतं त्यांचं, मी स्वतः पाच वर्षं बेसला उभा राहिलोय. पण एक आकडा बदलायचा तर गेम बंद करा, स्क्रिप्ट उघडा, पुन्हा चालवा, पुन्हा सहा थर लागेपर्यंत थांबा. तोवर नेमकं काय खटकलं होतं तेच विसरायला होतं.

म्हणून लाइनएडिट (टाइप करायची चौकट) टाकून कन्सोल केला, म्हणजे चालू गेममध्येच कमांड देता येते. 'गुरुत्व' कमांड प्रोजेक्ट सेटिंगमधली किंमत बदलते, छापून पाहिली तर नवीनच दिसते, पण पोरं पूर्वीच्याच वेगाने पडतात. 'घर्षण'चंही तेच. कुठे चुकतंय?

ठाणे_स्लो
कन्सोल कशाला? गेम चालू असताना एडिटरच्या रिमोट टॅबमधून किंमत बदलता येते.

गिरगाव_बेस
माझ्या मशीनवर तेच करतो. पण गॅलरीतला लॅपटॉप भावाचा, त्यावर एडिटर नाही, एक्सपोर्ट केलेला गेम आहे.

परळ_पूल
मग कन्सोलच हवा. दोन्ही दुखणी वेगळी आहेत.

प्रोजेक्ट सेटिंगमधलं गुरुत्व इंजिन फक्त सुरुवातीला वाचतं. टूडीत ते मूळचं ९८० असतं. चालू गेममध्ये बदलायचं तर फिजिक्ससर्व्हर२डी.एरिया_सेट_पॅरम वापरा: पहिल्या जागी वर्ल्ड२डीची स्पेस, मग एरिया_पॅरम_ग्रॅव्हिटी, मग आकडा.

घर्षणाबद्दल विचारतो: रेडीमध्ये (गोविंदा सीनमध्ये आल्यावर चालणारं फंक्शन) फिजिक्स मटेरियलचं, म्हणजे घर्षण ज्यात ठेवलंय त्याचं, डुप्लिकेट करता का?

गिरगाव_बेस
हो! प्रत्येक थराला वेगळी पकड द्यायची होती.

परळ_पूल
तिथेच अडलंय. कमांड मूळ मटेरियल बदलते आणि प्रत्येक गोविंदा स्वतःची प्रत घेऊन उभा. प्रती ठेवा, पण व्हेरिएबल बदललं की सिग्नल (बदल झाल्याची सूचना) सोडा, प्रत्येकाने तो ऐकून आपली प्रत सुधारावी.

कमांडसाठी लांबलचक मॅच (एकेक नाव तपासणारी यादी) लिहू नका. एक ऑटोलोड (गेमभर हाताशी राहणारी स्क्रिप्ट), त्यात डिक्शनरी: नावापुढे कॉलेबल, म्हणजे हाक मारायचं फंक्शन. प्रत्येक सीन आपली कमांड स्वतः नोंदवतो आणि जाताना काढून घेतो, नाहीतर मेलेल्या नोडला (सीनमधून गेलेल्या घटकाला) हाक जाते. १९९६च्या क्वेक या गेममध्येही प्रत्येक भाग आपापली व्हेरिएबल्स अशीच नोंदवतो. तिथे कन्सोलमध्ये एसव्ही_ग्रॅव्हिटी (गुरुत्वाचं व्हेरिएबल) एवढंच टाइप केलं की चालू किंमत दिसते, पुढे आकडा दिला की बदलते. ही सवय उचलाच, रविवारी फार उपयोगी पडेल. क्वेकचा सोर्स १९९९पासून खुला आहे, कन्सोलची फाइल वाचून काढा.

आणि आकडा घेण्याआधी इज_व्हॅलिड_फ्लोटने तो खरंच आकडा आहे का ते तपासा. मजकुराचा आकडा करणाऱ्या टू_फ्लोटला शब्द दिला तर ते मुकाट्याने शून्य देतं. घर्षण शून्य झालं की अख्खा थर निसटेल आणि तुम्ही रात्रभर फिजिक्समध्ये चूक शोधत बसाल.

गिरगाव_बेस
गुरुत्व चाललं! ७०० वर पाचवा थर सावकाश झुकतो, अगदी आमच्या गल्लीत झुकतो तसा. सिग्नल आज रात्री लावतो. एक राहिलं: कन्सोलमध्ये 'ए' दाबलं की मागे गोविंदा डावीकडे सरकतो.

परळ_पूल
इनपुट.इज_ॲक्शन_प्रेस्ड थेट कळ बघतं, लाइनएडिटवर फोकस आहे की नाही याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. कन्सोल उघडा असेल तर हालचालीचा कोड वगळा.