डेटा सायन्स शिकायचंय, कोणता ऑनलाइन कोर्स धरू?

तापीकाठ:
राम राम मंडळी. चोपड्याचा आहे. बीएस्सी गणित झालंय, एक्सेल बऱ्यापैकी येतं, प्रोग्रॅमिंगची पाटी कोरी. एक क्लासवाला 'शंभर टक्के प्लेसमेंट' सांगून ८० हजार मागतोय. वडील तयार आहेत, पण केळीचा पैसा असा घालायला जीव धजत नाही. लॅपटॉप जुना, ४ जीबी रॅमचा. इंग्रजी वाचता येतं, कोणी भरभर बोललं की डोक्यावरून जातं.

वरणबट्टी:
भाऊ, ते शंभर टक्के कागदावर लिहून मागा, मग त्याचा सूर कसा बदलतो बघा.
आधी पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा. तिच्यासाठी हार्वर्डचा सीएस५०पी हा कोर्स घ्या, फुकट आहे. सीएस५०चं स्वतःचं सर्टिफिकेटही फुकट; एडएक्स या कोर्सच्या साइटवरच्या व्हेरिफाइड सर्टिफिकेटला पैसे पडतात, ते नाही घेतलं तरी चालतं. शिकवणारे डेव्हिड मलान सर झपाट्याने बोलतात, वेग कमी करा, सबटायटल लावा. नुसते व्हिडिओ बघत बसू नका, खरं शिक्षण प्रॉब्लेम सेटमध्ये, म्हणजे सोडवायला दिलेल्या प्रश्नांत आहे. कोड ब्राउझरमध्येच लिहायचा, त्यामुळे तुमचा लॅपटॉप पुरेल.

सातपुडा:
एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर माधवन मुकुंद सरांचा पायथनचा कोर्स आहे, तोही बघा. शिकणं फुकट, परीक्षा द्यायची तरच फी. परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते, म्हणून त्या सर्टिफिकेटला जरा वजन आहे. मराठीतून सुरुवात हवी असेल तर आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल, म्हणजे शिकवण्याचे व्हिडिओ.

तापीकाठ:
आणि मशीन लर्निंग? सगळे कोर्सेरा या साइटवरच्या अँड्र्यू एन्ग यांच्या कोर्सचंच नाव घेतात.

वरणबट्टी:
चांगलाच आहे तो, पण नंतर. डेटा अ‍ॅनालिस्टच्या जाहिराती वाचा, एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, जिथे तिथे दिसेल. कॅगल लर्न या साइटवर पांडाज (पायथनमध्ये डेटाचे तक्ते हाताळायचं साधन), एसक्यूएल, डेटा क्लीनिंगचे छोटे फुकट कोर्स आहेत, ते आधी उरका.
मग स्वतःचं काहीतरी करा. रेझ्युमेत टायटॅनिक जहाजावरच्या प्रवाशांचा तो सरावाचा डेटा टाकू नका, तो सगळ्यांचाच असतो. अ‍ॅगमार्कनेट या सरकारी बाजारभावाच्या साइटवरून बाजार समित्यांचे केळीचे भाव उतरवा: किमान, कमाल आणि मोडल (ज्या भावाने जास्तीत जास्त माल गेला तो), रुपये क्विंटलमागे. तिथे 'बनाना' आणि 'बनाना - ग्रीन' अशा दोन नोंदी दिसतील. दोन्ही एकत्र करून सरासरी काढली तर भलताच भाव येईल. पिकलेल्या आणि कच्च्या मालातला फरक शेतकऱ्याच्या पोराला कोर्सवाल्याने सांगायची गरज नाही. तारखाही तपासा. ०३-०४-२०२३ ही ३ एप्रिल, पण पांडाज तिला ४ मार्च समजतं. फाइल वाचताना dayfirst=True द्यायचं, म्हणजे दिवस आधी धरला जातो.

खापरावरची:
ताईचाही सल्ला ऐका. एका वेळी एकच कोर्स. मी शिकवते त्या पोरांचे पाच-पाच कोर्स चालू असतात, पूर्ण एकही नसतो. आणि कोर्सेराचा घ्यायचाच झाला तर आर्थिक मदतीचा अर्ज भरा, कारण नीट लिहा, घाईत दोन ओळी खरडू नका.

तापीकाठ:
सीएस५०पीला नाव टाकलं. भावांची फाइल उतरवायला घेतो, त्यात रावेर आणि यावल घेऊ की जळगावच पुरे?

वरणबट्टी:
तिन्ही घ्या. ज्या दिवशी नोंद नाही तिथे शून्य भरू नका, रिकामंच ठेवा.